मुंग्या, झटका आणि निळा उजेड : शिवलेली नस जगतेय हे कसं कळतं?

आजच्या भागाची सुरुवात एका श्रोत्याच्या निरोपाने करतो. त्यांच्या घरातली खिडकीची काच फुटली आणि मनगटाला खोल जखम झाली. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर पडलं. सर्जनने त्याच रात्री नस शिवली, टाके निघाले, जखम भरली. बोटं मात्र तशीच. दोन महिन्यांनी दाखवायला गेले तर डॉक्टर म्हणाले, "शिवण चांगली झालीय, आता वाट बघायची." त्यांचा प्रश्न असा होता : "आत काही होतंय की नाही, हे बघायची एवढ्या वर्षांत काहीच सोय झाली नाही का?"

प्रश्न साधा वाटतो. पण मी शोधायला बसलो तेव्हा लक्षात आलं की या एका प्रश्नाला पावणेदोनशे वर्षांचा इतिहास आहे. त्यात बेडूक आहेत, तीन युद्धं आहेत, स्वतःचाच हात कापून घेणारा एक डॉक्टर आहे आणि शेवटी चक्क शेवाळ आहे.

आधी एक शब्दाचा घोळ मिटवू. आपण मराठीत 'नस' म्हणतो तेव्हा कधी रक्तवाहिनी म्हणतो, कधी मज्जातंतू. 'हाताची नस कापली' म्हटलं की रक्त डोळ्यांसमोर येतं. 'कमरेत नस दबलीय' म्हटलं की पायात जाणारी कळ. आज आपण दुसऱ्या नसेबद्दल, म्हणजे मज्जातंतूबद्दल बोलतोय. मेंदू आणि मणक्यातून निघून स्नायूंना हुकूम पोचवणारी आणि कातडीकडून खबर आणणारी. तिच्या आत हजारो बारीक तंतू एकत्र बांधलेले असतात. काही हुकूम नेणारे, काही खबर आणणारे. हे एकत्र असणं पुढे फार महत्त्वाचं ठरणार आहे, लक्षात ठेवा.

आता मुळाशी जाऊ. १७८०च्या दशकात इटलीतल्या बोलोन्या शहरात लुइजी गॅल्व्हानी बेडकाच्या पायांवर प्रयोग करत होता. मेलेल्या बेडकाच्या नसेला वीज लागली की पाय उडतो, हे त्याने १७९१ मध्ये प्रसिद्ध केलं. म्हणजे नस आणि वीज यांचं काहीतरी नातं आहे. पुढे १८५० मध्ये जर्मनीत हेल्महोल्ट्झने बेडकाच्याच नसेतून संदेश किती वेगाने जातो ते मोजलं. त्याचे गुरू योहान्स म्यूलर म्हणायचे की हा वेग मोजताच येणार नाही. तो निघाला सेकंदाला साधारण ३० मीटर. विजेच्या तारेच्या मानाने अगदीच बैलगाडी!

त्याच १८५० मध्ये लंडनमध्ये ऑगस्टस वॉलर या डॉक्टरने बेडकाच्या जिभेच्या नसा कापल्या आणि पुढचे काही दिवस त्या सूक्ष्मदर्शकाखाली बघितल्या. त्याला दिसलं की कापलेल्या जागेच्या पलीकडचा सगळा भाग, म्हणजे टोकापर्यंतचा, तुकडे तुकडे होऊन मरतो. जिवंत राहतो तो फक्त मूळ पेशीला चिकटलेला भाग.

याचा अर्थ नीट समजून घ्या, कारण इथेच बहुतेक पेशंटची गल्लत होते. आपल्याला वाटतं नस म्हणजे वायर. वायर तुटली, जोडली, दिवा लागला. तसं होत नाही. सर्जन जे शिवतो ते बाहेरचं आवरण. पलीकडे उरतो तो रिकामा मांडव. त्या मांडवावर वेल पुन्हा मुळापासून चढायला लागतो. आणि त्याचा वेग? दिवसाला साधारण १ मिलिमीटर. महिन्याला जेमतेम एक इंच.

आता हिशोब करा. मनगटापासून बोटाच्या टोकापर्यंत वेल पोचायला पाच-सहा महिने. जखम दंडाच्या वरच्या भागात असेल तर पंजापर्यंत यायला दीड-दोन वर्षं. आणि इकडे स्नायू वाट बघत बसलेला असतो. हुकूम न मिळालेला स्नायू बारीक होत जातो, आणि साधारण वर्ष-दीड वर्षानंतर नस पोचली तरी तो धड कामाला लागत नाही. सर्जनचा पेच असा. शिवण फसली असेल आणि आपण वाट बघत बसलो, तर दुसऱ्या ऑपरेशनची वेळ निघून जाते. आणि शिवण चांगली असताना घाईने पुन्हा उघडलं, तर चढत असलेला वेल आपल्याच हाताने तोडला जातो. म्हणून 'आत काय चाललंय' हे कळणं ही नुसती उत्सुकता नाही. एखाद्याचा हात चालणार की नाही, हे त्यावर ठरतं.

पहिली मोठी पाहणी युद्धाने घडवली. अमेरिकेच्या यादवी युद्धात फिलाडेल्फियाच्या टर्नर्स लेन रुग्णालयात नसांना गोळी लागलेले सैनिक एकत्र ठेवले होते. सायलस वीअर मिचेल आणि त्याच्या दोन सहकाऱ्यांनी त्यांच्या नोंदी ठेवून १८६४ मध्ये पुस्तक काढलं. नस तुटल्यावर कातडी कशी चकचकीत होते, आगीसारखी जळजळ कशी होते, सगळं त्यात आहे. पण बरं होतंय की नाही, याचं उत्तर एकच : बघत राहा.

दरम्यान विजेने तपासणी सुरू झाली होती. फ्रान्समध्ये द्युशेन कातडीवरून नेमक्या स्नायूला वीज देत होता; त्याचं पुस्तक १८५५ चं. जर्मनीत विल्हेल्म एर्बने १८६८ मध्ये दाखवलं की नस मेल्यावर स्नायू झटपट येणाऱ्या विजेच्या ठोक्यांना दाद देत नाही, पण सलग विजेला आळसावल्यासारखा हळू आखडतो. निदानाला ही चांगली खूण होती. पण ती सांगते नस मेली हे. परत येतेय का, याबद्दल ती जवळपास गप्पच.

मग येतो १९०३ चा एप्रिल. लंडनचा न्यूरॉलॉजिस्ट हेन्री हेड पेशंटच्या उत्तरांना कंटाळला होता. लोक थकतात, 'हो हो, जाणवतं' म्हणून मोकळे होतात. म्हणून त्याने स्वतःच्या डाव्या हातातल्या कातडीकडे जाणाऱ्या नसा कापून घेतल्या आणि रेशमी टाक्यांनी शिवून घेतल्या. मग पुढची चार वर्षं, जमेल त्या शनिवार-रविवारी, तो केंब्रिजला जायचा. तिथे सेंट जॉन्स कॉलेजमध्ये त्याचा मित्र विल्यम रिव्हर्स त्याला डोळे मिटून बसवायचा आणि हातावर कापूस, सुई, गरम-गार नळ्या लावून काय जाणवतं ते लिहून घ्यायचा. हे रिव्हर्स म्हणजे तेच, जे त्याआधी नीलगिरीच्या डोंगरात तोडा लोकांचा अभ्यास करून गेले होते. दोघांचा निबंध १९०८ मध्ये आला. आधी ओबडधोबड जाणीव परत येते आणि मग बारीक, असं त्यांचं म्हणणं. त्यांच्या सिद्धांतावर पुढे बरीच टीका झाली. पण जाणीव परत येण्याची इतकी काळजीपूर्वक रोजनिशी तोवर कुणी ठेवली नव्हती.

आता माझा सगळ्यात आवडता भाग. १९१५, पहिलं महायुद्ध. जर्मन बाजूला पाउल हॉफमन, फ्रेंच बाजूला झ्यूल तिनेल. दोघेही जखमी सैनिक तपासत होते आणि दोघांनाही एकाच वर्षी तीच गोष्ट सापडली. शिवलेल्या नसेच्या वाटेवर बोटाने टकटक केलं आणि वाढत्या टोकावर नेमकं बोट पडलं, की पेशंटला पुढे, बोटांच्या दिशेने झिणझिण्या जाणवतात. महिन्याने हीच जागा थोडी पुढे सरकलेली असते. म्हणजे वेल चढतोय! तिनेलने या जाणिवेला फ्रेंच शब्द वापरला तो मुंग्यांवरून आलेला. आणि आपण काय म्हणतो? 'मुंग्या आल्या'. पॅरिस असो की परभणी, नसेची ही कुरकुर माणसाला मुंग्यांसारखीच वाटली. आजही सर्जन हीच टिचकी मारून बघतात. शंभर वर्षांपूर्वीची, फुकट आणि यंत्राशिवाय.

पण तिच्यात एक खोट आहे. मुंग्या आल्या म्हणजे काही तंतू तिथवर पोचले, एवढंच. किती पोचले, स्नायूचे तंतू स्नायूकडेच गेले की चुकून कातडीकडे वळले, हे मुंग्या सांगत नाहीत.

दुसऱ्या महायुद्धात ऑक्सफर्डला हर्बर्ट सेडन यांनी १९४३ मध्ये जखमांची तीन गटांत वाटणी केली. नस नुसती सुन्न झालीय. आतले तंतू तुटलेत पण आवरण शाबूत आहे. किंवा सगळंच तुटलंय. पहिली काही आठवड्यांत आपोआप सुधारते, दुसरी महिन्यांनी, तिसरी ऑपरेशनशिवाय नाही. अडचण ही की पहिल्या दिवशी तिन्हींत हात सारखाच लुळा दिसतो. स्नायूची ताकद ० ते ५ आकड्यांत लिहायची पद्धतही त्याच युद्धकाळातली. आपल्याकडे फिजिओथेरपिस्ट फाइलवर 'पॉवर ३/५' लिहितात ना, ती हीच.

युद्धानंतर आली ती तपासणी, जिला आपण 'ईएमजी-एनसीव्ही' म्हणतो. ज्यांनी केलीय त्यांना आठवेल : कातडीवर पट्ट्या, टक-टक झटके, मधून स्नायूत सुई. वरून झटका द्यायचा आणि खाली स्नायूत उमटणारा विजेचा तरंग मोजायचा. फार उपयोगी तपासणी आहे. पण हिचाही स्वभाव ओळखून घ्या. वीज निवड करत नाही. ती आजूबाजूला पसरते. शेजारच्या चांगल्या नसेलाही ती उठवू शकते. त्यात आपण वीजच देतो आणि वीजच मोजतो, त्यामुळे झटक्याचा आवाजच कधी कधी उत्तरावर सांडतो. सुरुवातीला मोजकेच तंतू पोचलेले असतात, तेव्हाचा क्षीण तरंग यात सहज हरवतो. भरल्या सभेत ओरडून विचारलं की सगळेच एकदम उत्तर देतात. आपल्याला हवं असतं ते मागच्या रांगेतल्या दोघांचं उत्तर.

इथे उजेड येतो. १९७९ मध्ये फ्रान्सिस क्रिक (हो, तेच डीएनएवाले) यांनी एका लेखात इच्छा बोलून दाखवली की बाकीच्या पेशींना धक्का न लावता फक्त एका प्रकारच्या चेतापेशींवर ताबा मिळाला तर किती बरं होईल. पुढे ते म्हणाले, हे काम उजेडाने व्हावं. तेव्हा ते स्वप्नच होतं.

उत्तर निघालं शेवाळातून. 'क्लॅमिडोमोनास' नावाचं एकपेशीय हिरवं शेवाळ, साध्या तळ्यात-मातीत असणारं. उजेड कुठे आहे हे त्याला कळतं, कारण त्याच्याकडे निळ्या प्रकाशाने उघडणारं एक प्रथिन आहे. पेशीच्या भिंतीतलं दारच म्हणा. उजेड पडला की दार उघडतं आणि विद्युतभारित कण आत शिरतात. पेटर हेगमान, गेओर्ग नागेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जर्मनीत २००२ आणि २००३ मध्ये हे सिद्ध केलं. २००५ मध्ये स्टॅनफर्डमध्ये एड बॉयडन, कार्ल डायसेरॉथ आणि मंडळींनी त्या प्रथिनाचं जनुक चेतापेशीत घातलं आणि निळा उजेड टाकून तिला हवी तेव्हा बोलती केली. यालाच ऑप्टोजेनेटिक्स म्हणतात.

त्याच २००५ मध्ये अमेरिकेतल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठात वेगळी वाट निघाली. जनुक-बिनुक काही नाही. अवरक्त लेसरचा छोटा ठोका नसेवर टाकला की तिथे क्षणभर उष्णता वाढते आणि नस जागी होते, असं बेडूक आणि उंदरांत दाखवलं गेलं. या कामातल्या एक प्रमुख संशोधक अनिता महादेवन-जॅन्सन या मुंबई विद्यापीठातून भौतिकशास्त्र शिकलेल्या. पण यात जनुकाची निवड नसते, आणि उष्णता जास्त झाली तर नसेलाच इजा, म्हणून मात्रा फार जपावी लागते.

हे सगळं मेंदूतून हातापायांच्या नसांकडे आलं ते २०१० मध्ये. स्टॅनफर्डच्याच स्कॉट डेल्प यांच्या गटाने उंदराच्या मागच्या पायाच्या मोठ्या नसेभोवती प्रकाश देणारं छोटं कडं बसवलं. त्या उंदरांच्या चेतापेशींत ते प्रथिन जन्मतःच होतं. आणि एक मोठी गोष्ट दिसली. आपण चहाचा कप उचलतो तेव्हा शरीर आधी लहान, न थकणाऱ्या तुकड्या कामाला लावतं. गॅसचा सिलिंडर उचलताना मग मोठ्या. विजेचा झटका हा क्रम उलटवतो, मोठ्यांना आधी उठवतो, म्हणून स्नायू लवकर दमतो. उजेडाने मात्र क्रम नैसर्गिक राहिला. पुढे २०१५ मध्ये स्टॅनफर्डमध्येच अडा पून यांच्या गटाने बॅटरीशिवाय, बाहेरून बिनतारी ऊर्जा घेणारं काही दहा मिलिग्रॅमचं रोपण बनवलं, जे घेऊन उंदीर मोकळा फिरू शकतो.

मग आपल्या श्रोत्याच्या प्रश्नाचं काय? इथेच ते कामाला येतं. नस शिवण्याच्या नव्या पद्धती, मधल्या खंडासाठी नळ्या, औषधं, यांची परीक्षा आधी उंदीर-घुशींवर होते. जुनी रीत कशी? १९८२ पासून पायांच्या ठशांवरून गुण देतात; पाय रंगवून कागदावरून चालवायचं आणि बोटं किती पसरली ते मोजायचं. आणि खरं मोजमाप हवं असेल तर प्राण्याला भूल देऊन नस उघडायची, झटका द्यायचा, स्नायू काढून वजन करायचं. म्हणजे तिथेच त्या प्राण्याची गोष्ट संपली. दोन आठवड्यांचा आकडा एका गटाचा, चार आठवड्यांचा दुसऱ्या गटाचा. एकाच जिवात सुधारणा कशी झाली, ते दिसतच नाही.

शिवणीच्या वरच्या बाजूला प्रकाशाचं कडं कायमचं बसवलं तर चित्र बदलतं. दर आठवड्याला त्याच प्राण्यात एक छोटा निळा ठोका द्यायचा आणि स्नायूत काय उमटतं ते बघायचं. ज्या दिवशी पहिला तरंग दिसला, त्या दिवशी पहिले तंतू पोचले. तरंग मोठा होत गेला, म्हणजे आणखी तंतू येतायत. ठोका आणि तरंग यांतलं अंतर कमी झालं, म्हणजे तंतूंवरचं वेष्टण तयार होतंय आणि वेग परत येतोय. प्रथिन फक्त हुकूम नेणाऱ्या तंतूंत घातलं असेल, तर उत्तरही फक्त त्यांचंच. सभेत ओरडणं नाही, नाव घेऊन विचारणं. आणि कमी प्राणी लागतात, हीसुद्धा लहान गोष्ट नाही.

पण थांबा, यात एक गाठ आहे. टेसा गॉर्डन यांच्या गटाने २००० मध्ये दाखवलं होतं की शिवल्यावर नसेला तासभर सौम्य वीज दिली की ती जोमाने वाढायला लागते. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या एमरी विद्यापीठात पॅट्रिशिया वॉर्ड, आर्थर इंग्लिश आणि सहकाऱ्यांनी उंदरांत उजेडाने तेच घडवलं. म्हणजे ज्या हाताने मोजायचं, तोच हात पाणीही घालतो! मग सुधारणा औषधाची की मोजण्याची? म्हणून अशा प्रयोगात तपासणीचे ठोके मोजकेच ठेवावे लागतात आणि तुलनेच्या गटालाही तेवढाच उजेड द्यावा लागतो. इतिहासात हे नवीन नाही. हेडसुद्धा चार वर्षं त्याच हाताकडे लक्ष देऊन बसला होता. त्या लक्षाने त्याची जाणीव बदलली नसेल का, हा प्रश्न तेव्हाही होताच.

आणि माणसात? २०२१ मध्ये अंध झालेल्या एका ५८ वर्षांच्या गृहस्थांच्या डोळ्यात असं प्रथिन घालून त्यांना थोडी दृष्टी परत मिळाल्याचं प्रसिद्ध झालं. डोळ्यात उजेड आपोआप पोचतो. हाताच्या नसेत तसं नाही. जनुक न्यायला विषाणू लागतो, निळा उजेड कातडीतून खोल जात नाही म्हणून रोपण लागतं, आणि शरीराची रोगप्रतिकारशक्ती शेवाळाचं प्रथिन परकं म्हणून हाकलते. २०१८ मध्ये एमआयटीच्या ह्यू हर यांच्या गटाला घुशींत हेच दिसलं. काही आठवड्यांत उजेडाला मिळणारी दाद मावळत गेली. ह्यू हर स्वतः दोन्ही पाय गमावलेले आहेत. या प्रश्नात त्यांचं काय पणाला लागलंय, ते वेगळं सांगायला नको.

तेव्हा त्या श्रोत्यांना मी प्रामाणिकपणे लिहिलं : तुमच्या मनगटावर उद्या कुणी निळा दिवा लावणार नाही. पण पुढे कुणाच्या हातात कोणती शिवण, कोणती नळी वापरायची, हे ठरवताना तो दिवा प्रयोगशाळेत साक्ष देईल. आणि आज तुमच्यासाठी १९१५ ची टिचकी आहे. पुढच्या भेटीत डॉक्टरांना म्हणा, "मुंग्या कुठवर येतात ते बघून तारखेसह लिहून ठेवाल का?" जागा महिन्यामागून महिने हललीच नाही, तर ईएमजी-एनसीव्ही कधी करायची आणि पुन्हा उघडायचा निर्णय किती दिवसांत घ्यायचा, हेही तेव्हाच विचारून ठेवा. नुसतं 'वाट बघा' आणि 'या तारखेपर्यंत वाट बघा' यांत फार फरक आहे.

परवा त्यांचं उत्तर आलं. डॉक्टरांनी पेनने हातावर खूण केली होती. महिन्याने टकटक केलं, तर मुंग्या येणारी जागा त्या खुणेच्या बोटभर पुढे होती. बोटं अजून बधिरच आहेत. पण ते म्हणाले, आता झोप लागते.

भेटू पुढच्या भागात. तोवर काळजी घ्या, आणि फुटकी काच उचलताना जाड हातमोजे घाला.